टायटॅनियमवरचा मुलामा : काम नांदगाव पेठेत आलं, तर सांडपाणी कुठं जाईल?

नांदगाव पेठ एमआयडीसीत भारत डायनॅमिक्सचा क्षेपणास्त्र कारखाना येणार, हे ऐकता ऐकता आपली कित्येक पोट्टी आयटीआय करून पुण्याला गेली. या सरकारी कंपनीच्या नियोजित कारखान्यांत अमरावतीचं नाव बरीच वर्षं आहे. मोठा कारखाना सगळंच स्वतः करत नाही. बरीच कामं आजूबाजूच्या लहान युनिटना मिळतात. त्यातलंच एक म्हणजे टायटॅनियमच्या भागांवर विजेनं धातूचा मुलामा चढवणं.

लोखंडी पाइपाला जस्त चढवतात, हे आपल्याला ठाऊक. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात तोही फार टिकत नाही. टायटॅनियमला खारं पाणीही खात नाही, मग मुलामा कशाला? तर टायटॅनियमचा बोल्ट त्याच धातूच्या नटात फिरवला की घासून जाम बसतो. माझ्या पंपाचा गंजलेला बोल्ट निदान हातोड्यानं निघते, हा तुटेल पण निघणार नाही. त्याला डागही नीट लागत नाही. म्हणून वरून निकेल, चांदी वगैरे चढवायचं.

खरी अडचण पुढं आहे. गंज रोखणारा जो बारीक थर या धातूवर हवेनं बसतो, तोच मुलाम्याला धरू देत नाही. तो काढायला हायड्रोफ्लोरिक अॅसिड वापरतात. काढला तरी हवा लागताच पुन्हा बसतो. म्हणून लगेच निकेलचा पातळ थर द्यायचा, मग मुख्य मुलामा, बऱ्याचदा शेवटी भट्टीत तापवायचं. यात चूक झाली तर मुलामा कांद्याच्या सालासारखा सुटतो. लोखंडाला चालणारं कॅडमियम इथं चालत नाही, ताणाखाली टायटॅनियमला त्यानं तडे जातात.

आयटीआयत इलेक्ट्रोप्लेटर हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. पोरांनी प्रवेशाच्या वेळी त्याची चौकशी करावी.

पण भाऊ, हा उद्योग प्रदूषण मंडळाच्या लाल यादीत येतो. ते अॅसिड कातडीतून हाडापर्यंत जाते. पिण्याच्या पाण्यात निकेलची मर्यादा लिटरमागे 0.02 मिलिग्रॅम आहे, म्हणजे थोडं सांडपाणीही विहीर बिघडवू शकते. याच नांदगाव पेठेत सोफिया वीज प्रकल्पाच्या वेळी अप्पर वर्धाचं पाणी कारखान्यात किती जाणार, यावर लोक भांडले. आता बाहेर काय येणार, हे विचारायचं आहे. गाळ कुठं टाकणार? पाणी कोण तपासणार? ग्रामसभेनं हे आधीच लेखी मागावं. आणि युनिट उभं राहायच्या आत आजूबाजूच्या विहिरींचं पाणी निकेल, क्रोमियम, फ्लोराइडसाठी तपासून अहवाल ग्रामपंचायतीत ठेवावा. तो नसला तर उद्या कारखाना म्हणेल, पाणी आधीपासूनच असं होतं.