लक्षाचा बाजार आणि बिनचेहऱ्याचा ग्रेडर



बैठकीच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, ज्वारीची सरकारी खरेदी आहे, पीकविमा आहे. हे विषय नेहमीचे. चौथा विषय वाचून मात्र काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या: शेतीचे यूट्यूब चॅनेल. पोरांचा खेळ संघटनेच्या बैठकीत कशाला, असा निरोपही आला. आमचे म्हणणे असे की हा बाजार आहे. या बाजारात माल आपला जातो, भाव दुसराच ठरवतो आणि तोटा आपल्या अंगणात येऊन पडतो. आणखी कोणता पुरावा हवा, की हा विषय शेतकऱ्याचा आहे?

आधी माल कोणता ते पाहू. व्हिडिओ करणाऱ्या पोराला वाटते, आपण व्हिडिओ विकतो. बघणाऱ्याला वाटते, आपल्याला सल्ला फुकट मिळाला. दोघेही फसलेले. विकले जाते ते बघणाऱ्याचे लक्ष. रात्री जेवण झाल्यावर बाजेवर पडून आपण जो वेळ मोबाइलकडे बघतो, तो वेळ जाहिरातदाराला विकला जातो. हर्बर्ट सायमन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७१ सालीच मांडून ठेवले होते, की माहितीचा पूर आला की लक्षाचा दुष्काळ पडतो. दुष्काळात ज्याच्या हाती माल त्याला भाव, असे पुस्तकात लिहिलेले असते. मग लक्ष आपले असताना भाव दुसऱ्याला कसा?

कारण खरेदीदार एक आहे आणि विकणारे लाखो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट गावात स्वस्त झाले. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली. त्यावर नाचणारी, बोलणारी सगळी पोरे यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर आली. गावात नोकरी नाही, शेतीत पैसा नाही, हातात मोबाइल आहे. पोराने चॅनेल काढले नाही तरच नवल.

त्याला गोष्टही सांगितली जाते. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या भावंडांनी आजोबांना सोबत घेऊन शिवारात चूल मांडली, स्वयंपाकाचे व्हिडिओ काढले आणि २०२१ साली त्यांचे १ कोटी सबस्क्रायबर झाले. खरी गोष्ट आहे. छत्तीसगडमध्ये रायपूरजवळच्या तुलसी गावात शेकडो माणसे व्हिडिओच्या धंद्यात आहेत, २०२३ साली सरकारने तिथे स्टुडिओही बांधून दिला. हेही खरे. पण कृषी खात्याने आपल्याला वर्षानुवर्षे काय दाखवले ते आठवा. एकरी वीस क्विंटल कापूस काढणारा एक शेतकरी, त्याचा फेटा, त्याचा सत्कार, आणि वर सवाल: याला जमते तर तुम्हाला का नाही? त्याची विहीर किती खोल, जमीन किती भारी, हे कोणी सांगत नव्हते. सगळ्यांनीच वीस क्विंटल काढला तर भावाचे काय होईल, हे तर विचारायचेच नाही. लक्षाचेही तसेच आहे. भाकर खाऊन झोप लागेपर्यंत माणसाकडे तास-दीड तास. चॅनेल दुप्पट झाले म्हणून रात्र दुप्पट होत नाही. एकाला १ कोटी मिळतात तेव्हा बाकीच्यांना आपल्या मामा-मावश्यांचे व्ह्यूज मोजत बसावे लागते.

मग सुरू होते ओरडण्याची शर्यत. हुरड्याच्या दिवसांत ज्याने माळ्यावर उभे राहून ज्वारी राखली, त्याला हे समजावून सांगायला नको. एकाने डबा वाजवला की पाखरे शेजाऱ्याच्या कणसांवर बसतात. शेजारी गोफण काढतो. तिसरा फटाके आणतो. शिवारातली पाखरे तेवढीच राहतात, गोंगाट तेवढा वाढतो. यूट्यूबवर पाखरे हाकलायची नसून बोलवायची आहेत, एवढाच फरक. साध्या मथळ्याकडे कोणी वळत नाही म्हणून लाल अक्षरे. लाल अक्षरे सगळ्यांचीच झाली म्हणून रडका चेहरा. मग 'शेवटची संधी', मग 'सरकार हादरले'. पोरगा मुळात खोटा नसतो. बाजार त्याला रोज थोडा-थोडा खोटा करतो.

आणि प्रत ठरवतो कोण? एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली, तेव्हापासून ग्रेडर नावाचा माणूस आपल्या ओळखीचा. केंद्राबाहेर गाड्यांची रांग, गाडीखाली झोपलेली माणसे, आणि तो येऊन मूठभर कापूस उचलणार, चिमटीत धागा ओढल्यासारखे करणार आणि प्रत सांगून पुढे जाणार. ही प्रत का, हे विचारायची सोय नव्हती. तरी त्याला नाव होते, गाव होते, घेराव घालायला एक खुर्ची होती. यूट्यूबच्या ग्रेडरला तोंडच नाही. तो संगणकाचा हिशेब आहे, त्याला अल्गोरिदम म्हणतात. २०१२ साली कंपनीने हा हिशेब फिरवला: किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा किती वेळ बघितला याला जास्त वजन. २०१८ साली अट घातली, की १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघणे झाल्याशिवाय जाहिरातीच्या पैशात वाटा नाही. २०२३ मध्ये काही अटी सैल केल्या, पण जाहिरातीच्या वाट्याची ही अट लांब व्हिडिओंना तशीच ठेवली. अट पार केली तरी लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ४५ टक्के कंपनीचे, ५५ टक्के पोराचे. गोदाम, दुकान, वाहतूक कंपनीची, हे मान्य. तरी एवढी अडत आम्ही कोणत्या मोंढ्यात ऐकली नाही. शिवाय १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे हातात पडत नाहीत. आणि जाहिरातीचा लिलाव बघणाऱ्याच्या खिशाकडे बघून होतो, त्यामुळे अमेरिकेतल्या हजार बघणाऱ्यांना जो दर लागतो तो मराठीतल्या हजारांना लागत नाही. धागा तोच, पण गाडी कोणत्या गावची ते बघून प्रत!

इथपर्यंत ही पोरांची लूट झाली. पण त्यांच्या ओरडण्याची किंमत कोण मोजतो, ते आता बघू.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांवर गेला, काही बाजारांत बारा हजारांच्याही पुढे. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी कापूस घरात भरला. माजघरात कापूस, माणसे ओसरीवर, लेकरांच्या अंगाला खाज. त्या हिवाळ्यात मोबाइल उघडला की भाव पुन्हा चढणार, घाई करू नका, अमुक तारखेनंतर बघा, हेच. भाव घसरत गेला आणि मे २०२३ पर्यंत सात हजारांच्या आसपास आला. साठवण्याचा निर्णय व्हिडिओंनीच केला असे आम्ही म्हणणार नाही. आदल्या वर्षीचा भाव डोळ्यासमोर होता आणि डोक्यावर कर्ज होते. पण जगात सुताची मागणी पडली आहे असे कंटाळवाणे सत्य सांगणाऱ्याकडे कोणी फिरकत नाही आणि 'विकू नका' म्हणणाऱ्याला लाखभर बघणारे मिळतात, हा काही योगायोग नव्हे. आशेला गिऱ्हाईक असते. भाव पडल्यावर शेतकऱ्याचे क्विंटलमागे हजार-दोन हजार गेले. सांगणाऱ्याचे व्ह्यूज मात्र कोणी परत मागितले नाहीत.

पावसाचेही तेच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय, जमिनीत पुरती ओल गेल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला दर जूनमध्ये तोच असतो, म्हणून कोणी ऐकत नाही. 'उद्यापासून मुसळधार' रोज नवे असते. धूळपेरणी करून सरकी वाळली तर दुबार बियाण्याचे पैसे कोण देणार? कोणता चॅनेलवाला देणार?

फवारणीबद्दल तर बोलताना आमचा तोल जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले. एवढे होऊनही एका पंपात तीन-चार औषधे मिसळून 'जबरदस्त रिझल्ट' दाखवणारे व्हिडिओ आजही फिरतात. तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत. पूर्वी अशा व्हिडिओखाली किती जणांनी अंगठा खाली केला तो आकडा तरी दिसायचा. नोव्हेंबर २०२१ पासून कंपनीने तो आकडा बघणाऱ्यांपासून लपवला. ज्याचा व्हिडिओ त्याला दिसतो, आपल्याला दिसत नाही. ज्या औषधाने शंभर जणांची पऱ्हाटी करपली, ते एकशे एकाव्याला कळायची एक वाट होती, तीही बुजली.

याउलट गुलाबी बोंडअळीचा खरा सल्ला काय आहे? पेरणीनंतर दीड महिन्याने हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग सापडले तरच फवारणीचा विचार करा. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, फरदड ठेवू नका. यात नवे काय? काहीच नाही. रोज सकाळी उठून पतंग मोजण्यात बघण्यासारखे काय आहे? म्हणून हा व्हिडिओ करणाऱ्या पोराला तीनशे व्ह्यूज मिळतात, आणि नेमका त्याच वेळी त्याला एखाद्या टॉनिकवाल्याचा फोन येतो. बाटली हातात धरून दोन मिनिटे बोल, एवढे रुपये देतो. यूट्यूबच्या पैशाची वाट बघून दमलेला पोरगा बाटली धरतो. त्याच्या शब्दावर दुसऱ्या दिवशी कृषी सेवा केंद्रातून बाटली उधारीवर उचलतो तो त्याचाच चुलता.

अशा जाहिरातीला कायदा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे पैसे किंवा फुकट माल घेऊन शिफारस करणाऱ्याने ते स्पष्ट सांगायला हवे. जानेवारी २०२३ मध्ये मोबाइलवर शिफारस करणाऱ्यांसाठी खास सूचनाही निघाल्या. दिशाभूल केली तर १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. तुम्ही बघता त्या शेतीच्या व्हिडिओंत 'ही जाहिरात आहे, मला पैसे मिळाले' असे किती जण स्वच्छ मराठीत सांगतात?

यावर बंदी घाला, परवाने लावा, असे म्हणणारे पुढारी लगेच उभे राहतील. त्यांना आमचा विरोध आहे. शेतकऱ्याने काय बघावे हे ठरवायचा अधिकार आम्ही कोणत्याही मंत्रालयाला द्यायला तयार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क याच सरकारने उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमकी आपली वेचणी चालू असताना. त्याविरुद्ध बोलणाऱ्या पोरांचे चॅनेल उद्या 'अफवा' म्हणून बंद करायचे हत्यार त्यांच्या हाती का द्यावे? 'मोबाइलने पोरे बिघडली' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही विचारावेसे वाटते: पोराने शेतीत राहावे असा भाव तुम्ही मिळवून दिलात का?

आपली मागणी ग्रेडरबद्दल आहे. प्रत कशी ठरते ते सांगा. युरोपात २०२२ साली डिजिटल सेवांचा कायदा झाला. तिथे कोणता व्हिडिओ पुढे ढकलायचा हे मुख्यतः कशावरून ठरते, ते कंपनीला सांगावे लागते. नियमभंगाच्या नावाखाली कोणाची पोच घटवली किंवा कमाई थांबवली तर कारण लेखी कळवावे लागते. मोठ्या कंपन्यांना बघणाऱ्याच्या सवयींवर पाळत न ठेवता यादी दाखवण्याचा एक पर्यायही ठेवावा लागतो. तीच कंपनी, तोच संगणक. तिथल्या माणसाला जे मिळते ते यवतमाळ-परभणीच्या माणसाला का नाही? खासदार मत मागायला येतील तेव्हा हा प्रश्न कापसाच्या भावाला जोडून विचारा.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. लक्ष आपले आहे, ते कोणाला द्यायचे ही आपल्या हातातली गोष्ट आहे. जिल्ह्यातल्या चॅनेलवाल्या पोरांना या बैठकीला मुद्दाम बोलावले आहे, आणि त्यांना शिव्या देण्यासाठी नक्कीच नाही. एकेकट्याने गोफण फिरवण्यापेक्षा तालुक्यातल्या चार-पाच जणांनी एक चॅनेल चालवावे. बाटलीचे पैसे घेतले तर तोंडाने सांगावे. भावाचा अंदाज दिला तर हंगाम संपल्यावर त्याच चॅनेलवर तो अंदाज आणि खरा भाव शेजारी-शेजारी दाखवावा. आपण आपल्या बाजूने एवढे करू: अशा चॅनेलचे व्हिडिओ गावच्या गटांवर पाठवू, पारावर लावू, पूर्ण बघू. ४००० तास म्हणजे हजार माणसांचे चार-चार तास. आंदोलनात रस्त्यावर याहून जास्त तास बसलो आहोत. (हे पत्रकही तुमचे लक्ष मागतेच, पण बैठकीपुरतेच आणि बिनजाहिरातीचे.)

पहिला व्हिडिओ सापळ्यातल्या पतंगांच्या मोजणीचा करायचा ठरवला आहे, रोज सकाळी, सलग तीस दिवस, एकाच शेतात. शेत कोरडवाहू हवे आणि पऱ्हाटी पंचेचाळीस दिवसांची झालेली हवी. ज्यांची तयारी आहे त्यांनी बैठकीत चौथ्या विषयाच्या वेळी नाव द्यावे. सापळ्यांचा खर्च वर्गणीतून करू.