चिखलात शिरणारं इंजिन खाडीत नको

"मड मोटर घ्यायची आहे, कोणती घेऊ?" हा प्रश्न हल्ली मला मुलुंड-भांडुपच्या छायाचित्रकार मंडळींकडून येतो, कधी अंधेरी-बोरिवलीहूनही येतो. परदेशातल्या बदकशिकारीचे व्हिडिओ बघून तो डोक्यात शिरलेला असतो. सपाट तळाची ॲल्युमिनियमची होडी, मागे लांब दांड्याचं इंजिन, आणि ती वीतभर पाण्यातून, गवतातून, नुसत्या गाळावरूनही सरळ पुढे जाते. मग यांना वाटतं, हीच होडी ठाण्याच्या खाडीत आणली तर ओहोटीला फ्लेमिंगोंच्या थव्यापर्यंत थेट पोचता येईल. माझं उत्तर दोन शब्दांचं आहे : घेऊ नका. आणि कोणी आणलीच, तर वनखात्याने ती धक्क्यावरच अडवावी.

यंत्र टाकाऊ आहे म्हणून मी हे म्हणत नाही. यंत्र उत्तम आहे, आणि धोका नेमका त्यातच आहे. खाडीत एरवी दिसते ती आउटबोर्ड मोटर. तिचा पाय पाण्यात उभा उतरतो, पंखा होडीच्या तळापेक्षा बराच खाली फिरतो. इंजिन थंड ठेवायला ती त्याच खालच्या पाण्याचा उपसा करते. पाण्याऐवजी गाळ आला की पंपातला रबरी इम्पेलर झिजतो, वाट तुंबते, इंजिन तापतं आणि बंद पडतं. मड मोटरला यातलं काहीच आडवं येत नाही. तिचं इंजिन हवेवर थंड होतं, पाण्याची गरजच नाही. लांब दांडा जवळजवळ आडवा मागे जातो आणि टोकाचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरतो. चालवणाऱ्याने दांडा जरा उचलला की पंखा गाळ उडवत, मुळं कापत निघतो. दुसरा प्रकार सरफेस ड्राइव्हचा. त्यात दांडा आखूड, पट्ट्यावर चालणारा, वेग जास्त. वीस, तीस, चाळीस हॉर्सपॉवरची ही इंजिनं इतकी कर्कश असतात की चालवणारे स्वतःचे कान झाकून घेतात. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दलदलीत, जिथे मैलोनमैल माणूस नाही, तिथे या यंत्राला अर्थ आहे.

आता आपली खाडी बघा. ऐरोली पूल ते वाशी पूल या टापूतल्या पश्चिम किनाऱ्यावर 2015 साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर. त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन, उरलेलं पाणी आणि चिखल. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. एका बाजूला भांडुप-विक्रोळी-घाटकोपरचे टॉवर, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई, वरून उच्चदाबाच्या तारा, आणि मधल्या या पट्ट्यात दर हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने उतरणारे फ्लेमिंगो. त्यांच्याबरोबर थापट्या आणि तलवार बदकं, सायबेरियाच्या वाटेवरच्या तुतवारी, काळ्या शेपटीचे गॉडविट. हे सगळं इतक्या माणसांच्या इतक्या जवळ टिकून आहे, ते कशामुळे? कायद्यामुळे थोडंफार. खरं म्हणजे चिखलामुळे. माणसाचा पाय त्यात गुडघ्यापर्यंत जातो आणि आउटबोर्डचा दम त्यात कोंडतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक चार मीटरच्या वर जातो. पाणी उतरलं की मैदानासारखा गाळ उघडा पडतो, आणि दिवसाचे ते काही तास फक्त पक्ष्यांचे असतात.

ते तास त्यांच्या जेवणाचे आहेत, ही गोष्ट या मंडळींच्या डोक्यात शिरत नाही. छोटा फ्लेमिंगो चोच उलटी करून उथळ पाण्यातलं शेवाळ आणि सूक्ष्मजीव गाळून खातो. भरती आली की ही जागा पाण्याखाली जाते आणि थवे उठून नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जाऊन बसतात. म्हणजे खाण्याचा वेळ समुद्राने आधीच मोजून दिलेला आहे. एका थव्याला एकदा उडवलं की त्या वेळातून तुकडा कापला गेला. फ्लेमिंगो जागच्या जागी उडत नाही, पाण्यावर धावत धावत वर उठतो, आणि त्याला ताकद लागते. मार्च-एप्रिलमध्ये तर तुतवारी पुढच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात. त्या दिवसांत त्यांना वारंवार उठवणं म्हणजे प्रवासाचा शिधा हिसकावणं.

मी हे होडीतून पाहिलेलं आहे. भांडुपकडून निघालेली होडी, पाणी उतरतंय, तांडेलने मोटर वर घेऊन बांबू हातात धरलेला. समोर थवा खाली मान घालून खातोय. आधी कडेच्या दोन-चार माना वर येतात. मग माना उचललेल्या पक्ष्यांची रांगच तयार होते. खाणं थांबलेलं असतं. थवा आवळत जातो आणि सगळे एकाच दिशेने चालायला लागतात. शहाण्या माणसाने इथे थांबायचं असतं. तांडेल थांबला. आणि मागून आवाज आला, "काका, अजून जरा पुढे घ्या ना, उडताना पाहिजेत." काका कसनुसे हसले. पैसे आधीच घेतलेले, पुढच्या रविवारी हीच माणसं परत यायला हवीत, नकार कसा द्यायचा? होडी पुढे गेली, थवा उठला, कॅमेऱ्यांचा कडकडाट झाला. त्या दिवशी होडीला थांबवलं असेल तर फक्त गाळाने. "अजून पुढे" म्हणणाऱ्या या माणसाच्या हातात मड मोटर दिली तर त्याला थांबवणारं तिथे काहीही उरणार नाही.

आणि ज्यांच्याकडून हे यंत्र उचलायचं म्हणताय, त्या अमेरिकन बदकशिकाऱ्यांचा कायदा तरी वाचा. तिथे बंदूक घेऊन पाण्यावर जायला परवानगी आहे, पण मोटरबोटीतून स्थलांतरी बदकावर गोळी झाडायची तर इंजिन पूर्ण बंद हवं आणि होडीचा पुढे जाण्याचा वेगही थांबलेला हवा. इंजिनाच्या वाहनाने पक्षी हाकून, उठवून, गोळा करून मारायला तिथे बंदी आहे. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं चालत नाहीत. शिशाचे छर्रे बदकांसाठी 1991 पासून देशभर बंद आहेत. मारायला निघालेल्या माणसावर इतकी बंधनं, आणि आमचा निसर्गप्रेमी म्हणवणारा माणूस चालत्या इंजिनाने थव्यात घुसतो आणि त्याला छंद म्हणतो! तिथला शिकारी मड मोटरने आडोशापर्यंत जातो, इंजिन बंद करतो आणि पहाटेपासून गप्प बसून राहतो. आमच्याकडे त्या गप्प बसण्याचा भाग गाळून फक्त इंजिन आणायचं चाललं आहे.

आपल्याकडे बदकांची शिकार कधीच नव्हती असं नाही. भरतपूरला 1938 मध्ये व्हॉइसरॉय लिनलिथगोच्या एका दिवसाच्या शिकारीत 4,273 पक्षी पडले, तो आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने परवान्यावरच्या शिकारीचाही मार्ग बंद झाला. त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही. पकडणं, पाठलाग करणं, हाकणं आणि यातल्या प्रत्येकाचा प्रयत्न करणंही त्यात आहे. कलम 27 प्रमाणे अभयारण्यात कोणत्याही वन्यप्राण्याला त्रास देता येत नाही. छायाचित्रणासाठी प्रवेश मिळतो तो कलम 28 खाली, परवानगीने. तेव्हा "आम्ही कुठे मारतो, फोटोच तर काढतो" हे उत्तर कायद्यासमोर टिकणारं नाही. उडत्या थव्याच्या फोटोसाठी थवा उडवणाऱ्याला मी हाका घालणारा म्हणतो, आणि विचारपूर्वक म्हणतो.

एक युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. खाडीत अख्ख्या उपनगराचं सांडपाणी येतं, कांदळवनावर राडारोडा पडतो, 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपर पूर्वेला विमानाच्या धडकेत जवळपास चाळीस फ्लेमिंगो मेले, मग चार छंदिष्टांच्या होड्यांनी काय बिघडणार आहे? या युक्तिवादाने मला संताप येतो. दुसऱ्या सकाळी लक्ष्मीनगर-पंतनगरच्या रस्त्यांवर विखुरलेली गुलाबी शरीरं सगळ्या मुंबईने पाहिली. ज्यांच्या राहायच्या, खायच्या आणि उडायच्या जागा चारही बाजूंनी आवळत चालल्या आहेत, त्यांची उरलेली एक निवांत जागाही काढून घ्यायला हे कारण कसं होतं? मोठा अन्याय चालू आहे म्हणून छोटा माफ, असा हिशोब कोणत्याही गावात चालत नाही.

दुसरा मुद्दा कोळ्यांचा, आणि तो मी हलक्यात घेत नाही. ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातला किंवा ट्रॉम्बेचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या या खाडीत बोई, कोळंबी, चिंबोऱ्या धरतो. तो अभयारण्याच्या आधीपासून इथे आहे. उद्या गाळात अडकलेल्या माणसाला काढायला किंवा जखमी पक्षी उचलायला वनखात्याने अशी एखादी होडी ठेवली तर माझी हरकत नाही. ती खात्याच्या ताब्यात, कुलपात असावी. पण कोळ्याच्या गरजेची ढाल पुढे करून मुलुंडच्या चाळिसाव्या मजल्यावरचा माणूस आपला शौक भागवत असेल, तर ती कोळ्याचीही फसवणूक आहे. ज्याची होडी भाड्याने घेऊन आज तुम्ही जाता, त्याची रोजी आधी बुडेल.

होडी कोणती निवडावी, असं ज्याला खरोखर विचारायचं आहे त्याला मी सांगतो. स्वतःची घेऊ नका. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राची फेरी घ्या, किंवा परवानगी असलेल्या स्थानिक तांडेलची. रुंद, सपाट तळाची, कमी पाण्यात तरंगणारी होडी बघा, कारण ती डोलत नाही आणि लेन्स स्थिर राहते. मोटर लहान आणि फोर-स्ट्रोक असेल तर आवाज कमी, पाण्यावर तेलाचा तवंगही कमी. पंचांगापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक आधी बघा. पाणी दररोज सुमारे पाऊण तास उशिरा चढतं, त्यामुळे मागच्या शनिवारची वेळ या शनिवारी उपयोगाची नाही. मधल्या पाण्यात थांबलेल्या होडीसमोर थवा आपणहून सरकत येतो, हे ज्याने धीर धरला त्याने पाहिलेलं आहे. त्यासाठी इंजिन लागत नाही, लांब लेन्स आणि बसायची तयारी लागते.

वनखात्याकडे आणि कांदळवन कक्षाकडे माझी मागणी साधी आहे. अभयारण्याच्या हद्दीत हवेवर थंड होणाऱ्या, लांब दांड्याच्या मोटरला पूर्ण बंदी, हे परवान्याच्या अटीत लिहून टाका. थव्यापासून दीडशे मीटरवर इंजिन बंद, हेही लिहा, आणि मोडेल त्या पर्यटकाला दंड करा, तांडेलला नको. पहिली मड मोटर खाडीत उतरायच्या आत हे झालं पाहिजे, कारण एकदा चार जणांनी लाखो रुपये घालून त्या आणल्या की त्यांचे वकील आधी येतील आणि नियम मागून. आणि वाचकहो, तुम्ही पुढच्या रविवारी त्या होडीत बसाल, समोरच्या माना वर उचललेल्या दिसतील आणि शेजारचा कोणी "अजून पुढे" म्हणेल, तेव्हा तांडेलच्या आधी तुम्ही "थांबा" म्हणा.