वैद्याची परीक्षा आणि रुग्णाची भाषा

ब्रिटनमध्ये वैद्यकीय व्यवसाय करू इच्छिणाऱ्या भारतीय पदवीधराला सामान्यतः जी परीक्षा द्यावी लागते, तिला 'प्लॅब' म्हणतात. या आद्याक्षरांमागील नावाचा अर्थ 'व्यावसायिक व भाषिक मूल्यमापन मंडळ' असा होतो. वैद्यकाच्या परीक्षेच्या नावातच भाषेला स्थान मिळावे, ही गोष्ट भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटू नये. आपल्याकडे या परीक्षेची चर्चा होते ती देशातील बुद्धिमंतांच्या परदेशगमनाच्या किंवा वंशभेदाच्या अंगाने. ती चर्चा आवश्यकच आहे. परंतु भाषेच्या अंगाने पाहू लागलो की या परीक्षेने उभा केलेला प्रश्न ब्रिटनपेक्षा आपल्याच घराशी अधिक निगडित आहे, असे दिसून येते. तो मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम थोडा इतिहास. १८५८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाले आणि डॉक्टरांची अधिकृत नोंदवही त्याच्या हाती आली. १९३० मध्ये या कौन्सिलने भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्या धक्क्याच्या पार्श्वभूमीवर १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा झाला. मान्यतेचा हा लपंडाव पुढेही चालू राहिला. १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर तेथील रुग्णालये चालवण्यास भारतीय उपखंडातील डॉक्टर मोठ्या संख्येने लागू लागले. परंतु १९७५ मध्ये मेरिसन समितीच्या अहवालाने परदेशी पदवीधरांच्या पात्रतेविषयी शंका उपस्थित केल्या. त्याच वर्षी भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा गेली, आणि वैद्यकज्ञान व इंग्रजी या दोहोंची कसोटी सुरू झाली. तिचेच पुढचे रूप म्हणजे प्लॅब.

आज उमेदवाराला आधी इंग्रजीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी बहुतेक जण जी आयेल्ट्स परीक्षा देतात, तिच्यात एकूण ७.५ आणि श्रवण, वाचन, लेखन व संभाषण या चारही अंगांत किमान ७ गुण हवेत. त्यानंतर १८० प्रश्नांची लेखी परीक्षा, आणि शेवटी मँचेस्टर येथे प्रात्यक्षिक. या प्रात्यक्षिकात उमेदवार एका प्रसंगाकडून दुसऱ्या प्रसंगाकडे जातो. पुष्कळ ठिकाणी समोर रुग्णाची भूमिका वठवणारी व्यक्ती असते, आणि आठ मिनिटांत तिचे ऐकून, तिला विचारून, तिला समजावून उठायचे असते. केवळ निदान बरोबर आले म्हणून येथे भागत नाही.

या व्यवस्थेविषयी भारतीय डॉक्टरांची तक्रार जुनी आहे, आणि ती निराधार नाही. ज्याचे सारे वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून झाले त्याला इंग्रजीचा दाखला मागायचा, आणि युरोपीय संघातून आलेल्या डॉक्टरांना मात्र २०१४ पर्यंत नोंदणीच्या वेळी भाषेची कसोटी लावायची नाही, हा न्याय कोणता? परस्पर-मान्यतेच्या युरोपीय नियमांमुळे ती सूट होती, हे खरे. परंतु रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी भाषा अपरिहार्य असेल, तर ती पारपत्राचा रंग पाहून अपरिहार्य ठरू शकत नाही. २०१४ मध्येच भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेचा एक दावा लंडनच्या उच्च न्यायालयात निकाली निघाला. कुटुंबवैद्यांच्या रॉयल कॉलेजच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परदेशी पदवीधरांचे, इतकेच नव्हे तर ब्रिटनमध्येच शिकलेल्या गौरेतर डॉक्टरांचे, अनुत्तीर्ण होण्याचे प्रमाण गोऱ्या सहकाऱ्यांहून पुष्कळ अधिक होते. न्यायालयाने परीक्षा कायदेशीर ठरवली, तथापि संघटनेला नैतिक यश लाभल्याचेही न्यायमूर्तींनी मान्य केले. संभाषणाची परीक्षा घेणारा परीक्षकही कोणत्या तरी समाजात वाढलेला असतो, आणि कोणते बोलणे 'सौजन्याचे' हे तो त्या समाजाच्या कानांनी ठरवतो, याची ही कबुलीच होती.

एवढे मान्य करूनही एक गोष्ट उरते. पाठ्यपुस्तकाची इंग्रजी आणि रुग्णाची इंग्रजी एक नव्हे. एखादी वृद्धा 'स्पेंड अ पेनी' म्हणाली, तर तिला नाणे खर्चायचे नसून लघवीला जायचे आहे, हे कोणत्याही शरीरशास्त्राच्या ग्रंथात लिहिलेले नाही. 'पुअरली' हा शब्द तेथील घरगुती बोलण्यात सरळ 'आजारी' या अर्थाने येतो. ज्याला हे उमगत नाही तो डॉक्टर अडाणी नव्हे. पण त्याच्यासमोर बसलेला रुग्ण त्या घटकेपुरता मुका झालेला असतो. ब्रिटनच्या परीक्षेने अनेक अन्याय केले असतील, परंतु रुग्णाला बोलता आले पाहिजे आणि वैद्याला ते कळले पाहिजे, हे तत्त्व तिने परवान्याशी जोडले. ते तत्त्व चुकीचे म्हणता येणार नाही.

आता आपल्याकडे वळू. परदेशात वैद्यक शिकून आलेल्या भारतीय नागरिकाला २००२ पासून येथे चाळणी परीक्षा द्यावी लागते. ३०० बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण होण्यास १५० गुण, आणि भाषा इंग्रजी. या परीक्षेत रुग्ण कोठेच नाही. ज्या राज्यात हा डॉक्टर उद्या बसणार, तेथील माणसाचे बोलणे त्याला समजते काय, असे त्याला कोणी विचारत नाही. देशातच शिकलेल्या पदवीधराची स्थितीही फार वेगळी नाही. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात आरंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेसाठी काही तास राखलेले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण परवाना त्यावर अवलंबून नाही, आणि जे परीक्षेत नाही ते आपल्या शिक्षणपद्धतीत किती टिकते, हे अध्यापकवर्गाला सांगावयास नको.

यात काय पणाला लागले आहे, हे एका मराठी शब्दावरून स्पष्ट व्हावे. ग्रामीण स्त्री 'अंगावरून जातं' म्हणते तेव्हा ती योनीवाटे होणाऱ्या स्रावाची तक्रार करत असते. तिची सासू 'अंगावरून वारं गेलं' म्हणते तेव्हा तिला अर्धांगवायूचा झटका सांगायचा असतो. आणि तिचा नवरा 'आठ दिवस अंगावर काढलं' म्हणतो तेव्हा त्याने आजार उपचाराविना सोसला, एवढाच अर्थ असतो. शब्द तोच, 'अंग'; परंतु एकदा स्त्रीरोग, एकदा मेंदूचा विकार आणि एकदा केवळ दारिद्र्य किंवा संकोच. वेदनेचेही तसेच. कळ, चमक, ठणका, सणक, मुरडा, जळजळ यांतील प्रत्येक शब्द दुखण्याची जात सांगतो; 'पेन' हा एकच शब्द लिहून घेणारा डॉक्टर रुग्णाने फुकट दिलेले अर्धे निदान टाकून देतो. प्रत्येक भारतीय भाषेत असे भांडार असणार, आणि ते बहुधा स्त्रियांच्या व श्रमिकांच्या तोंडी असणार.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. स्थानिक भाषेची अट घातली तर तमिळ डॉक्टरने बिहारमध्ये आणि बंगाली डॉक्टरने विदर्भात जावे कसे? शासकीय महाविद्यालयांतील पदवीच्या १५ टक्के व पदव्युत्तर ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, त्या व्यवस्थेचे काय? भाषिक अट ही प्रांताभिमानाची भिंत होणार नाही काय? ही भीती मी खोटी मानत नाही; ब्रिटनचा इतिहासच तिला आधार देतो. म्हणून ही अट जन्मावर नव्हे तर सेवेवर आधारलेली हवी. डॉक्टर जेथे रुजू होईल तेथील बोली ऐकून समजण्याची साधी कसोटी, तीही रुजू झाल्यानंतर ठरावीक मुदतीत. शिकवण्याची जबाबदारी शासनाची, आणि शुद्धलेखनाला गुण शून्य. परकीयाला बाहेर ठेवणारी परीक्षा आणि नवागताला आत घेणारी परीक्षा यांतील भेद तो हाच.

येथे आपल्या विद्यापीठीय भाषाविभागांचे कर्तव्य सुरू होते. २०२२ मध्ये भोपाळ येथे वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. महाराष्ट्रात परिभाषाकोशांचे काम अनेक दशके झाले आहे. परंतु हे सारे डॉक्टरने काय बोलावे यासाठी आहे. त्याने काय ऐकावे यासाठी आपण फारसे काही केलेले नाही. परिभाषा घडवावी लागते. रुग्णांची बोली घडलेलीच आहे, ती फक्त टिपावयाची आहे. आजार, शरीर व वेदना यांविषयीच्या शब्दांचे व वाक्प्रचारांचे संकलन, जिल्ह्याजिल्ह्यांतील भेदांसह, हे वैद्यकीय महाविद्यालयाच्या नव्हे, तर आपल्या आवाक्यातील काम आहे.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी श्रीरामपूर येथील भाषणात अमेरिकेस वैद्यक शिकण्यास जाण्याचे कारण सांगितले, ते हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची निकड आहे हे होते. पुरुष वैद्यापुढे स्त्रीला आपले दुखणे सांगता येत नव्हते. म्हणजे त्यांच्याही मनात प्रश्न ज्ञानाइतकाच सांगण्या-ऐकण्याचा होता. त्या स्वतः १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या आणि १८८७ मध्येच निवर्तल्या; त्यांना तो प्रश्न सोडवण्यास अवधी मिळाला नाही. आपल्याला अवधी मिळालेला आहे. परदेशातील परीक्षा आपल्या डॉक्टरांना अन्यायाने वागवते तेव्हा आपण अवश्य बोलावे. परंतु त्याच वेळी आपल्या रुग्णालयाच्या बाकावर बसलेली बाई काय सांगते आहे, ते ऐकणारा कोणी आहे काय, हेही स्वतःला विचारावे.