गणिताची गंमत : चाकाला किती रंग?

कागदावर मधोमध एक बिंदू काढा. त्याभोवती गोलात ६ बिंदू काढा. शेजारशेजारचे बिंदू जोडा आणि प्रत्येकाला मधल्या बिंदूशीही जोडा. झालं चाक तयार! ग्राफ थिअरीत याला ‘व्हील ग्राफ’ म्हणतात. बिंदू ७, रेषा १२ : ६ कडेच्या, ६ आऱ्यांच्या.

आता बिंदू रंगवा. अट एकच : रेषेने जोडलेल्या दोन बिंदूंना सारखा रंग नको. मधला लाल केला, की कडेवर लाल बाद. मग हिरवा, पिवळा, हिरवा, पिवळा... ३ रंगांत काम भागतं.

पण कडेला ५ च बिंदू घेतले तर? पाचवा बिंदू पहिल्याला जाऊन भिडतो आणि हिरव्याशेजारी हिरवा येतो! चौथा रंग लागतोच. बिंदू कमी, तरी रंग जास्त. कडेचे बिंदू सम असतील तर ३ रंग, विषम असतील तर ४.

बिंदूंच्या जागी मोबाइल टॉवर आणि रंगांच्या जागी फ्रिक्वेन्सी समजा. शेजारच्या टॉवरची फ्रिक्वेन्सी तीच असेल, तर बोलण्यात अडथळा येऊ शकतो. फ्रिक्वेन्सी मोजक्या आणि महाग; म्हणून कमीत कमी किती पुरतील, हा हिशेब मोलाचा.

आता तुम्ही सांगा : अशोकचक्राला २४ आरे. प्रत्येक आऱ्याच्या टोकाला एक बिंदू आणि मध्ये एक, असं धरलं तर किती रंग लागतील?