रोपे मोजलीत, आता कीटकही मोजू या

चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांत शेतांच्या पलीकडे सपाट माथ्याचे डोंगर दिसतात. खुल्या कोळसा खाणींतून उपसलेला दगड, मुरूम आणि माती यांचे ते ढिगारे आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा हे उघडे उतार अक्षरशः भाजून निघतात. पावसाळ्यात त्यांचा गाळ वाहून नाल्यांत आणि लगतच्या शेतांत उतरतो. त्यामुळे तेथे पुन्हा जंगल उभे करणे हा केवळ खाण कंपनीचा आणि वन विभागाचा विषय राहत नाही. पायथ्याशी शेती करणाऱ्यांचेही त्यात हित गुंतलेले आहे.

हे काम अशक्य नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यांतील प्रेसमड, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी यांच्या साह्याने झाडे वाढवून दाखवली. प्रश्न त्यापुढचा आहे. झाडे वाढली म्हणजे जंगल परतले, असे मानायचे का?

आज यशाचे प्रचलित माप म्हणजे किती रोपे लावली आणि किती जगली. या मापाने सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ सहज जिंकतात. निकस जमिनीत प्रारंभीची सावली आणि पालापाचोळा देण्यापुरता त्यांचा उपयोग मान्यच करायला हवा. परंतु विदर्भाचे पानझडी वन ऐन, धावडा, मोह, तेंदू, सालई, पळस यांचे आहे. ऐनावर टसर रेशमाची अळी पोसली जाते आणि पळसावर लाखेचा किडा. या झाडांवर ग्रामीण कुटुंबांची मिळकत अवलंबून असते. परदेशी झाडांच्या एकसुरी रांगा ही मिळकत देऊ शकत नाहीत.

म्हणून मोजणीत कीटकांना स्थान द्यावे, असे माझे मत आहे. वाळवीला आपण शेतात शत्रू मानतो, परंतु ढिगाऱ्यावर तीच वाळलेले लाकूड आणि पाने कुजवते. उन्हाळ्यात गांडुळे निष्क्रिय होतात, तेव्हाही वाळवी आणि मुंग्या घट्ट मुरमात वाटा कोरत राहतात. त्याच वाटांनी पुढे पावसाचे पाणी मुरते. शेणभुंगे शेण जमिनीत गाडतात आणि त्यासोबत बियाही खाली नेतात. उंबराचे परागण त्याची विशिष्ट गांधीलमाशी करते. फळे पिकली की पक्षी आणि वटवाघळे येतात आणि त्यांच्या विष्ठेतून इतर झाडांच्या बिया पोहोचतात. जे लावण्यासाठी आपण खर्च करतो, त्यातील बरेचसे हे जीव विनामूल्य करतात.

हा विचार नवा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जाराह जंगलात बॉक्साइट खाणींच्या जागी लावलेल्या वनांचे मूल्यमापन करण्यासाठी जोनाथन मेजर यांनी १९७०च्या दशकापासून मुंग्यांचा अभ्यास केला. वनस्पतींची विविधता वाढते तशा मुंग्यांच्या जातीही वाढतात. मात्र जातींची संख्या भरून निघाली तरी मूळ जंगलातील जाती परतण्यास अधिक काळ लागतो. केवळ हिरवळ पाहून हा फरक कळत नाही. तेथे खाणकामापूर्वी काढलेली वरची माती शक्य तेव्हा साठवून न ठेवता थेट नव्या जागेवर पसरतात, कारण बियांचा आणि सूक्ष्मजीवांचा साठा त्याच थरात असतो. आपल्याकडे ही माती वर्षानुवर्षे ढिगात पडून निर्जीव होते.

मापाचा संबंध पैशाशीही आहे. कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाण बंद करण्याच्या खर्चासाठी एस्क्रो खात्यात रक्कम ठेवावी लागते आणि झालेल्या कामाच्या तपासणीनंतर ती टप्प्याटप्प्याने परत मिळते. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी खाणक्षेत्रात चाऱ्यायोग्य गवत पुन्हा उगवण्याची अट घालण्याचे निर्देश दिले. मी राहतो त्या बेंगळुरूच्या जे. पी. नगरपासून सुमारे ३०० किलोमीटरवर असलेल्या बळ्ळारीतही २०११च्या खाणबंदीनंतर पुनर्वसन आराखडे सक्तीचे झाले. नियम आहेत. मात्र तपासनीस जे मोजतो, तेच जमिनीवर घडते.

विस्तार कार्यकर्त्यांना ही मोजणी अवघड नाही. प्लॅस्टिकचे पेले काठ जमिनीच्या पातळीला येईल असे पुरावेत, त्यांत थोडे साबणाचे पाणी घालावे आणि दोन दिवसांनी सापडलेले कीटक मोजावेत. हेच काम जवळच्या नैसर्गिक जंगलातही करून तुलना करावी. जातींची शास्त्रीय नावे ठाऊक नसली तरी वेगवेगळ्या दिसणाऱ्या मुंग्या आणि भुंगे किती, एवढी नोंद प्रारंभाला पुरते. जोडीला, न लावता आपोआप उगवलेली देशी रोपे मोजावीत. ही नोंद दरवर्षी पावसाळ्यानंतर त्याच ठिकाणी करून ग्रामसभेपुढे ठेवावी. खाण बंद झाल्यावर कंपनी निघून जाईल, परंतु ढिगारा आणि त्याच्या पायथ्याची शेती गावाजवळच राहणार आहे. म्हणून पुनर्वसन पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र देण्यापूर्वी गावाची ही नोंदवही पाहिली जावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

(लेखक कीटकशास्त्रज्ञ असून जे. पी. नगर, बेंगळुरू येथे वास्तव्यास आहेत.)