बातमी लिहिता लिहिता कथाकार



आपल्यापैकी अनेकांच्या घरात एखादे लेकरू वहीच्या मागच्या पानांवर गोष्टी नाहीतर कविता लिहीत असते. आई-वडिलांना काळजी वाटते, की याने पोट कसे भरणार? ही काळजी खोटी नाही. परंतु वही काढून घेण्यापूर्वी अमेरिकेतील एका शाळेच्या तासाची हकिगत वाचावी, एवढीच विनंती.

शिकागो शहराला लागून ओक पार्क नावाची वसाहत आहे. तेथील हायस्कूलमध्ये १९१३ ते १९१७ या काळात अर्नेस्ट हेमिंग्वे हा मुलगा शिकत होता. वडील डॉक्टर, आई संगीत शिकविणारी. घर खाऊनपिऊन सुखी. त्याची परिस्थिती आणि आपली परिस्थिती एक नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. त्या घरचा पैसा आपल्याला घेता येणार नाही, पण त्या शाळेची पद्धत घेता येईल.

त्या शाळेत फॅनी बिग्ज नावाच्या बाई पत्रकारितेचा वर्ग घेत. बाईंनी वर्गाला वर्तमानपत्राच्या कचेरीचेच रूप दिले होते. मुलांनी लिहायचे आणि त्यातले चांगले लेखन 'ट्रॅपीज' या शाळेच्या वर्तमानपत्राकडे जायचे. जानेवारी १९१६ मध्ये हेमिंग्वेचा पहिला मजकूर तेथे छापून आला. विषय होता गावात झालेला वाद्यवृंदाचा कार्यक्रम. पुढे तो त्या पत्राच्या संपादनातही आला. 'शिकागो ट्रिब्यून'मधील विनोदी स्तंभलेखक रिंग लार्डनर यांच्या धाटणीची नक्कलही त्याने करून पाहिली. त्याच वर्षी शाळेच्या 'टॅब्युला' या वाङ्मयीन नियतकालिकात त्याच्या कथाही छापल्या गेल्या. बातमी आणि कथा दोन्ही एकाच हाताने चालू होत्या. बातमीने कथेचा गळा घोटला नाही.

असे का झाले? शाळेचा निबंध एकटे मास्तर वाचतात आणि मार्क देतात. छापलेली बातमी सगळी शाळा वाचते. त्यात नाव चुकले, वेळ चुकली, तर वर्गमित्रच येऊन विचारतात. म्हणून लिहिणाऱ्याला डोळे उघडे ठेवून पाहावे लागते, दहा जणांना विचारावे लागते आणि फापटपसारा काढून टाकावा लागतो. कथा लिहिणाऱ्यालाही हेच लागते.

१९१७ मध्ये शाळा संपली. हेमिंग्वे कॉलेजात गेला नाही. काकांच्या ओळखीने त्याला 'कॅन्सस सिटी स्टार' या दैनिकात बातमीदाराची नोकरी मिळाली. वशिला होताच, तो लपवायचे कारण नाही. वय अठरा. पोलीस चौकी, सरकारी दवाखाना, रेल्वे स्टेशन, येथून बातम्या आणायच्या. त्या दैनिकाचा लेखनाचा नियमच होता: वाक्ये लहान, पहिला परिच्छेद लहान, भाषा जोरकस. नोकरी जेमतेम सहा महिने टिकली, पण लेखनासाठी याहून चांगले नियम आपण कधी शिकलो नाही, असे त्याने पुढे सांगितले.

१९३८ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात तो बातमीदार म्हणून गेला. एब्रो नदीच्या पुलाजवळ त्याला एक थकलेला म्हातारा दिसला. त्यावर त्याने दोनेक पानांची कथा लिहिली. म्हातारा ७६ वर्षांचा. गाव सोडताना मागे राहिली दोन शेळ्या, एक मांजर आणि कबुतरांच्या चार जोड्या. त्यांचे काय होणार, हाच त्याला घोर. युद्धावर भाषण नाही, रडारड नाही; तरी वाचताना घशात आवंढा येतो. आकडे बातमीदाराचे आणि काळीज कथाकाराचे. १९५४ मध्ये हेमिंग्वेला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या घराकडे येऊ. मुलीला सांगा, "बाळ, उद्या नळावर जा आणि बातमी लिहून आण." पाणी किती वाजता आले, किती वेळ होते, किती बायका हंडे घेऊन परत गेल्या. दोघींना विचार, मगच लिही. रात्री जेवण झाल्यावर तिला ते सगळ्यांसमोर वाचू द्या. शिक्षकांनी अशा चार बातम्या पुठ्ठ्यावर चिकटवून शाळेच्या भिंतीवर लावल्या, की झाले वर्तमानपत्र. त्याला छापखाना लागत नाही. रांगेत शेवटी उभी राहिलेली एखादी आजी त्या बातमीत येईल आणि पुढे कधीतरी कथेतही येईल.

मी कचेरीत कारकुनी करतो. रोज अर्ज पाहतो. तारीख नाही, ठिकाण नाही आणि मागणी शेवटच्या ओळीत दडलेली, असा अर्ज मागे पडतो, मग अर्जदाराचे दुःख कितीही खरे असो. नेमके लिहिलेला अर्ज बाजूला सारणे साहेबालाही जड जाते. लेकरू मोठे लेखक होईल की नाही, कोण सांगणार? पण पाहिलेले नेमके लिहायला शिकले, तर वस्तीचा अर्ज लिहून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जावे लागणार नाही.

वही राहू द्या. शक्य झाले तर आणखी एक आणून द्या.