दुखते तेथे सांगावे

आमच्या घरात तेल-मालिशीचा सोहळा वर्षातून एकदा होतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे पाट मांडायचा, भोवती रांगोळी काढायची, तेल कोमट करायचे आणि झोपेने पेंगणाऱ्या मंडळींना एकेक करून पाटावर बसवायचे. पाडव्याला हाच सोहळा यजमानांसाठी पुन्हा. तेल लावते ती घरातली बाई आणि लावून घेतात ते मुलगे, दीर आणि नवरे. तिला स्वतःला तेल कोण लावते, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नाही. माझ्या पाठीला दुसऱ्याच्या हातचे तेल शेवटचे लागले ते सतरा वर्षांपूर्वी, बाळंतपणात. सव्वा महिना एक बाई सकाळी यायची, बाळाला आणि मला चोळून काढायची, शेकशेगडी द्यायची आणि जाताना 'कंबर जपा हो' असे बजावून जायची. त्यानंतर माझ्या कंबरेची चौकशी कोणी केली नाही. मीही कोणाला सांगायला गेले नाही.

म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही बँकॉकला निघालो, तेव्हा महाविद्यालयातल्या एका सहकारी बाईंनी 'थाई मसाज घेतल्याशिवाय परत येऊ नका' असे सांगितले, ते मी हसण्यावारी नेले. घरी जेवताना सहज तो विषय काढला, तर आमचे हे एकदम खोकले आणि त्यांनी ताटातल्या आमटीकडे लक्ष वळवले. सासूबाईंनी मात्र सरळ विचारले,

"मसाज म्हणजे काय गं?"

"मालिश, आई."

"मग तसं म्हण की! त्यात खोकायचं काय?"

सासूबाईंचे वय बाहत्तर. त्यांच्या या प्रश्नाला आमच्या ह्यांच्याजवळ उत्तर नव्हते. पण खोकला अगदीच अकारण होता असेही नाही. मसाजाच्या पाटीआड दुसरेच धंदे चालणाऱ्या जागा तिथे आहेत, ही गोष्ट कोणी नाकारत नाही. पण त्यावरून सगळ्या विद्येला नावे ठेवणे योग्य नव्हे. रस्त्यावरून आतले दिसेल असा दर्शनी भाग, भिंतीवर स्वच्छ लिहिलेले दरपत्रक, शिकलेल्यांची प्रमाणपत्रे आणि आत बसलेली चार कुटुंबवत्सल माणसे दिसली, की खुशाल पायरी चढावी. मालिश करणारी बाईच हवी किंवा पुरुषच हवा, असे आधी सांगता येते. त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

या विद्येची थोरवी मला कळली ती वाट फो या देवळात. चाओ फ्राया नदीच्या काठी, राजवाड्याला लागून हे मंदिर आहे. तिथली पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच आहे. तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावकामात 108 मंगलचिन्हे कोरलेली आहेत. माणसे मूर्तीच्या मुखाकडे बघतात, तशीच पायांपाशीही थांबतात. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या राम राजाने या मंदिराचा जीर्णोद्धार केला, तेव्हा त्या काळचे ज्ञान दगडांवर कोरून भिंतींवर बसवले. 1831 ते 1841 या दहा वर्षांत कोरलेले असे 1,440 शिलालेख तिथे आहेत. वैद्यक आहे, काव्य आहे, इतिहास आहे आणि अंग कुठे व कसे दाबावे याच्या आकृत्याही आहेत. मानवी देहावर रेघा आणि ठिपके काढलेल्या त्या शिळा बघून सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडे कुणी एवढं दगडावर कोरलं असतं, तर बायकांची निम्मी दुखणी वाचली असती."

मला मात्र माझा धंदा आठवला. या रेघांना थाई लोक 'सेन' म्हणतात आणि त्यांतल्या दहा मुख्य मानतात. त्यांपैकी तिघींची नावे ऐकून मी चमकले. इत्था, पिंगखला आणि सुमना! ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय शिकवताना इडा, पिंगळा, सुषुम्ना या तीन नाड्यांवर मी वर्षानुवर्षे खडू झिजवला आहे. इथे परमुलखात त्याच तिघी जणी थोडा वेष पालटून भेटाव्यात, याचे मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. शवविच्छेदनात या रेघा सापडत नाहीत, हेही खरे. पण बागेतल्या खडकांवर बसून हातपाय ताणणारे पुतळे, ज्यांना तिथे 'रुसी' म्हणजे आपले ऋषी म्हणतात, ते पाहिल्यावर ही विद्या कोणत्या वाटेने आली असेल याचा अंदाज येतो. तिचा आद्य गुरू म्हणून थाई लोक ज्याला वंदन करतात, तो बुद्धाचा वैद्य जीवकही आपल्या राजगृहाचाच. 1955 साली याच मंदिराच्या आवारात पारंपरिक वैद्यकाची शाळा निघाली आणि 2019 साली युनेस्कोने थाई मालिशीला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. एवढे समजल्यावर ह्यांचा खोकलाही थांबला. ते चिरंजीवांना घेऊन नदीवर नावेत बसायला गेले आणि आम्ही सासू-सुना जवळच्या गल्लीतल्या एका साध्या, नेटक्या दुकानात शिरलो.

पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे काय काय घडते, ते आता क्रमाने सांगते. चपला दाराशी काढायच्या. हे आपल्याला शिकवावे लागत नाही. मग एका ठेंगण्या आसनावर बसवून आपले पाय पाण्याने धुतात. इथेच आमचे पहिले अडले. पाय धुणारी बाई पन्नाशी उलटलेली. सासूबाईंनी पाय मागे ओढून घेतले आणि म्हणाल्या, "अगं, पाहुण्यांचे पाय आपण धुवायचे असतात." इथे आपण पाहुणे आहोत, हे त्यांना पटवायला मला दोन मिनिटे लागली.

त्यानंतर एक छापील पत्रक पुढे आले. ताप आहे का, रक्तदाब, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, हाडांचे दुखणे, पायांत रक्ताची गाठ, असे एकेक प्रश्न आणि खाली माणसाची आकृती. दुखते तिथे खूण करायची. मी माझ्या पत्रकावर भराभर 'नाही, नाही' लिहिले आणि सासूबाईंचेही त्यांच्या वतीने तसेच लिहू लागले. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, चष्मा सरळ केला आणि त्या आकृतीच्या उजव्या कुल्ल्यावर सावकाश एक गोल काढला.

"हे काय, आई?"

"फाल्गुनात न्हाणीघरात पाय घसरला होता."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तुम्ही तिकिटं काढली होतीत. म्हटलं, कशाला सगळ्यांचा हिरमोड?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. फाल्गुनापासून ही बाई आमच्यात वावरत होती, पोळ्या लाटत होती, जिने चढत होती. 'आई, बऱ्या आहात ना?' असे मी रोज विचारत होते. पण ते दाराला कुलूप लावता लावता विचारत होते. त्या प्रश्नाला 'हो' याखेरीज दुसरे उत्तर द्यायला मी त्यांना कधी उसंतच दिली नव्हती. चार तासांचा विमानप्रवास करून परक्या बाईने छापील कागदावर विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले.

दुकानाच्या मालकिणीने ती खूण पाहिली, सासूबाईंचे वय पाहिले आणि मान हलवली. चटईवरची मालिश यांना नको, खुर्चीत बसून फक्त पावलांची, तीही हलक्या हाताने. त्या बाईचे एक गिऱ्हाईक अर्ध्या पैशांवर आले, पण तिने तडजोड केली नाही. तेव्हा माझ्या वाचक भगिनींनो, आणि बंधूंनोही, पहिला नियम हा ध्यानात ठेवा: त्या पत्रकावर खोटे लिहू नका. वर सांगितलेल्यांपैकी काही असेल, हाडे ठिसूळ असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. या मालिशीत अंग ताणतात, पिळतात, वाकवतात. ठिसूळ हाडाशी तो खेळ नव्हे.

मला आत नेले. बाकीचे नियम साधे आहेत. भरल्या पोटी जाऊ नये, जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्यावेत. तेलाचे डाग पडतील ही भीती नको, कारण अस्सल थाई मालिशीत तेल नसते आणि कपडेही उतरवायचे नसतात. तिथलाच एक सैल सदरा आणि कंबरेला गाठ मारायची घोळदार विजार देतात. त्या विजारीत माझ्यासारख्या दोघी सहज मावल्या असत्या. बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवावे लागते. ते मी सासूबाईंच्या ओटीत दिले. जमिनीवर गाद्या, मध्ये पडदे. तासाचा किंवा दोन तासांचा वेळ आधी ठरवावा. पहिल्या खेपेला तास पुरे.

माझ्या वाट्याची बाई चणीने लहान होती. तिने हात जोडले, क्षणभर डोळे मिटले आणि मग माझ्या पावलांपासून सुरुवात केली. अंगठे, तळवे, कोपर, गुडघे यांतले काहीच तिने बाकी ठेवले नाही. मग ती चक्क पायाने माझी मांडी दाबू लागली. कोणाला पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा, हे आपल्या हाडीमाशी मुरलेले. तिचा पाय लागला की माझा हात आपसूक उठायचा आणि ती तो पुन्हा खाली ठेवायची. तिच्या देशातही पाय दुसऱ्याकडे करणे असभ्यच समजतात. पण मालिशीत पाय हे हत्यार, आणि हत्याराला कसला मान-अपमान?

खांद्यापाशी ती आली आणि माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. वीस वर्षे फळ्यावर लिहून आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून तिथे जी गाठ बसली होती, ती तिला न सांगता सापडली. तिने विचारले, "जेप माय?"

'जेप' म्हणजे दुखणे आणि 'माय' हा त्यांच्या भाषेतला प्रश्न विचारायचा शब्द. दुखतंय का, एवढाच अर्थ. पण मराठी कानाला तो 'माय' कसा लागला असेल, ते मी सांगायला नको. मी दात आवळून हसले आणि मान हलवली: नाही. तिने आणखी दाबले. पुन्हा विचारले. मी पुन्हा नाही म्हटले, आणि डोळ्यांतून पाणी आले. तेव्हा ती थांबली. माझ्या तोंडासमोर येऊन तिने हळूच, लहान मुलाला शिकवावे तसे शिकवले: "जेप," आणि मग तळहात खाली नेत, "बाओ बाओ." दुखत असेल तर 'जेप' म्हणायचे, हलके हवे असेल तर 'बाओ बाओ'. तिला माझा सोसण्याचा पराक्रम नको होता. मी खरे सांगितल्याशिवाय तिला तिचे काम नीट करता येत नव्हते.

मी म्हटले, "जेप." वय वर्षे सेहेचाळीस, मराठीची एम. ए., आणि दुखतंय हा शब्द मी उघडपणे उच्चारला तो परक्या भाषेत! ती हसली, हात हलका केला आणि गाठीभोवती सावकाश फिरू लागली. काही वेळाने मान, डोके, आणि शेवटी बसवून पाठ ताणून तिने मला मोकळे केले. पडद्यापलीकडून सासूबाईंचा आवाज येत होता. लाकडी काडीने तळवा दाबणाऱ्या बाईला त्या अस्खलित मराठीत आपल्या न्हाणीघराची कथा सांगत होत्या आणि ती बाई मन लावून हुंकार देत होती.

बाहेर आल्यावर चहा मिळाला. मालिशीनंतर पाणी भरपूर प्यावे, दगदग करू नये. दुसऱ्या दिवशी अंग थोडे ठणकते, त्याने घाबरू नये. पण दुखणे वाढत गेले, तर मात्र डॉक्टरला गाठावे. जाताना मालिश करणाऱ्या बाईच्या हातात थोडी बक्षिसी ठेवण्याची तिथे रीत आहे. आम्ही ती ठेवली आणि दोघींनी हात जोडले. तिथेही निरोप हात जोडूनच घेतात.

घरी परतल्यावर पहिले काम केले ते सासूबाईंचे क्ष-किरण चित्र काढण्याचे. हाड शाबूत आहे, पण ठिसूळ झाले आहे. औषध चालू आहे, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली आहे. आणि 'बऱ्या आहात ना?' हा प्रश्न मी कुलूप लावताना विचारायचे सोडले आहे. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारते.

येत्या नरकचतुर्दशीला आमच्याकडे पाट नेहमीसारखेच मांडले जातील. फक्त क्रम बदलला आहे. पहिला पाट सासूबाईंचा आणि त्यांच्या पाठीला तेल लावणार मी. दुसरा पाट माझा. ते काम चिरंजीवांवर सोपवले आहे आणि बँकॉकचे ते दोन्ही शब्द त्याच्याकडून घोकून घेतले आहेत. आमचे हे तिसऱ्या क्रमांकावर गेले आहेत आणि अधूनमधून खोकत आहेत.

तेलाची वाटी हातात घेऊन मी आधी विचारणार आहे, "जेप माय?" सासूबाई नेहमीच्या सवयीने 'छे गं, कुठे काय!' म्हणाल्या, तर ते तेल वाटीतच राहील, हे मी त्यांना आत्तापासूनच सांगून ठेवले आहे.